पुस्तक काढायचंय? आधी प्रकाशकाच्या खुर्चीत बसून बघा

धंदा जरा रुळावर आला की वाटतं, आपल्या अनुभवाचं एक पुस्तक काढावं. मलाही वाटलं होतं. "सर, फक्त ४५ हजार द्या, बाकी आम्ही बघतो," असं एकाने सांगितलं आणि मी दिले. नाव सांगत नाही. ५०० प्रती आल्या. त्यातल्या साडेतीनशे आजही आमच्या दिवाणाखाली आहेत, बायको झाडू मारताना आठवण करून देते.

प्रकाशन हाही धंदाच आहे. कागद, छपाई, मुखपृष्ठ, वितरण यात खरा प्रकाशक स्वतःचा पैसा घालतो. लेखकाकडून पैसे घेणारा छपाईची सेवा विकतो. त्यात गैर काही नाही, पण मग चार ठिकाणची कोटेशनं घ्या ना! माझ्या बिलात आयएसबीएनचे तीन हजार लावले होते. भारतात तो नंबर सरकारी एजन्सीकडून मोफत मिळतो, हे मला नंतर कळलं.

आता हस्तलिखित. आधी अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावच्या पुस्तकाच्या दुकानात एक दुपार घालवा. तुमच्या विषयाची पुस्तकं कोण काढतंय ते बघा आणि त्यांनाच पाठवा. कवितासंग्रह काढणाऱ्याला जीएसटीवरचं पुस्तक पाठवून काय होणार? मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे उघडली की नुसती चित्रलिपी दिसते. पाठवण्याआधी पूर्ण मजकूर मोठ्याने वाचा. जिथे तुमचीच जीभ अडखळते, तिथे वाचकही अडखळणार. आणि पानं कमी करा, कारण प्रत्येक पान म्हणजे कागदाचा खर्च.

सोबत एका पानाचं पत्र, अनुक्रमणिका आणि दोन प्रकरणं पुरतात. पत्रात "सर्वांसाठी उपयुक्त" असं कृपया लिहू नका. "घरगुती मसाले विकणाऱ्या, पण फूड लायसन्सपाशी अडलेल्या महिलांसाठी" असं लिहा. तुमच्या शिबिरांना वर्षाला किती माणसं येतात, तो आकडाही द्या. प्रकाशक तिथेच थांबून वाचतो, कारण त्याला गिऱ्हाईक दिसतं.

होकार आला तर हुरळून सही करू नका. हिशोब करा. २५० रुपये किमतीवर १० टक्के रॉयल्टी म्हणजे प्रतीमागे २५ रुपये, ५०० प्रती खपल्या तर साडेबारा हजार. पण रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर? दुकानदाराला ४० टक्के सूट गेली, तर त्याच २५ चे १५ होतात.

हक्कांचं कलम दोनदा वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लिहून देताना मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. मी मात्र "कायमस्वरूपी" या शब्दाखाली सही केली होती. अनुवाद आणि ऑडिओचे हक्कसुद्धा त्यातच गेले.

दुसरं पुस्तक तिघांकडे पाठवलं. एकाने उत्तरच दिलं नाही, एकाने नकार दिला. तिसऱ्याने आठ महिन्यांनी फोन केला, "दोन प्रकरणं काढा, मग बोलू." काढली. करार पाच वर्षांचा केला, ऑडिओचे हक्क माझ्याकडेच ठेवले.