मज्जातंतूविकारांच्या नोंदी व वैद्यकीय सांकेतिकीकरण : कसबा पेठेतील तांबट कारागिरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
डॉक्टरांनी केलेल्या निदानास आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ठरावीक संकेतांक देणे म्हणजे वैद्यकीय सांकेतिकीकरण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी आपल्याकडे दहावीचेच संकेतांक प्रामुख्याने आढळतात. संकेतांक देणारा कर्मचारी रुग्णास पाहत नाही, केवळ केसपेपर पाहतो. तर्काने निदान ठरविण्याचा त्यास अधिकार नाही. त्यामुळे केसपेपरवर जे लिहिलेले नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. मज्जातंतूविकारांत ही उणीव विशेष जाणवते. प्रस्तुत लेखात तिचा विचार एका विशिष्ट व्यवसायाच्या आधारे केला आहे.

तांबटाचा हात :
पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवेकाळापासून तांब्या-पितळेची भांडी घडविण्याची परंपरा आहे. घडविलेल्या भांड्यावर एकसारखे ठोके देऊन त्यास बळकटी व झळाळी आणणे, यास मठारणे म्हणतात. या कामात एक हात हातोड्याची मूठ घट्ट धरून दिवसभर आघात सोसतो व दुसरा भांडे फिरवीत राहतो. मनगट, तळवा व कोपर येथील मज्जातंतूंवर अशा कामाचा ताण पडू शकतो.

समजा, असा एक कारागीर रुग्णालयात आला व केसपेपरवर ‘हाताला मुंग्या’ एवढेच लिहिले गेले. त्यास आर २०.२ हा संकेतांक मिळेल. तो लक्षणाचा संकेतांक आहे, आजाराचा नव्हे. ‘न्यूरोपॅथी’ असे मोघम लिहिल्यास बहुधा जी ६२.९, म्हणजे अनिर्दिष्ट बहुमज्जातंतुविकार, अशी नोंद होईल. आणि ती तर चुकीचीच ठरण्याचा संभव अधिक!

वास्तविक कोणत्या बोटांना मुंग्या येतात, एवढे विचारले तरी बरेच स्पष्ट होते. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, रात्री त्रास वाढत असेल, तर मनगटातील मध्य मज्जातंतू दबला असल्याची, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमची (जी ५६.०) शंका घ्यावी लागते. करंगळी व अनामिकेची उरलेली बाजू बधिर असल्यास अल्नर मज्जातंतूचा विकार (जी ५६.२) संभवतो. मधुमेहातील बधिरता मात्र सामान्यतः दोन्ही पावलांपासून सुरू होते. तेथे मूळ रोगाचा ई ११.४ व मज्जातंतूचा जी ६३.२ असे दोन संकेतांक जोडीने द्यावे लागतात. अर्थात मधुमेही तांबटास कार्पल टनेलही होऊ शकतो; दोन्ही निदाने स्वतंत्रपणे लिहिलेली नसतील तर एक हमखास गळते. कोपराजवळचा अल्नर मज्जातंतू जाड लागत असेल व त्वचेवर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाचा (ए ३०) विचार टाळून चालत नाही, कारण तेथे उपचारांची दिशाच बदलते.

व्यवसायाची नोंद :
दहाव्या आवृत्तीत कामाशी निगडित विकार दर्शविण्यासाठी वाय ९६ हा पूरक संकेतांक आहे. तो लावण्यासाठी विकार कामामुळे उद्भवल्याचे डॉक्टरांनी लिहिलेले असावे लागते. व्यवसायाच्या रकान्यात ‘स्वयंरोजगार’ किंवा ‘इतर’ असे भरले की हातोड्याचा मागमूस राहत नाही. तांबटाच्या आजाराची गणना मग तांबटाचा आजार म्हणून कोठेच होत नाही. घरच्या घरी किंवा लहान कारखान्यात काम करणाऱ्या कारागिराचा हात कामामुळे निकामी झाला, हे दाखविणारा कागद बहुधा हाच एक असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, विम्याच्या दाव्यापेक्षा ही हानी मोठी आहे.

बाजूची नोंदही अशीच दुर्लक्षित राहते. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या सुधारित वर्गीकरणात उजव्या मनगटास जी ५६.०१ व डाव्यास जी ५६.०२ असे वेगळे संकेतांक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत हा भेद नाही. म्हणून आपल्याकडे उजवा हात की डावा, आणि त्यांपैकी हातोड्याचा कोणता, हे केसपेपरवर शब्दांतच लिहावे लागते.