परमुलखातले मास्तर आणि तापाची साथ

समजा, तुम्ही परमुलखात आहात. तिथली भाषा तुम्हाला धड येत नाही. पहाटे जाग आली ती हुडहुडी भरून. अंग मोडून आले आहे, डोके ठणकते आहे, घसा सुकला आहे. घरात दुसरे माणूस नाही. आणि आठच्या ठोक्याला शाळेत हजर व्हायचे आहे. अशा वेळी तुम्ही काय कराल?

ही मनची गोष्ट नव्हे. जपान आणि कोरिया या देशांत इंग्रजी शिकवायला गेलेल्या कितीतरी तरुण मास्तरांवर आणि बाईंवर ही वेळ आलेली आहे. १९८७ साली जपान सरकारने ‘जेट’ नावाची एक योजना सुरू केली. बाहेरदेशचे तरुण आणायचे आणि त्यांना गावोगावच्या शाळांत मदतनीस शिक्षक म्हणून नेमायचे, अशी ती योजना. पहिल्या साली अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. पुढे आणखी पुष्कळ देशांतून येऊ लागले. कोरियातही तसेच झाले. तिथे सरकारी शाळांत आणि खासगी शिकवणीवर्गांत असे परदेशी मास्तर ठेवतात. बहुतेक वयाने विशीतले. आईबापांपासून दूर, एका लहानशा खोलीत एकटे राहणारे. त्यांना फ्लूच्या साथीत काय काय सोसावे लागले आणि तिथल्या शाळा साथीला कशा तोंड देतात, ते आज सांगतो. मी जन्मभर शाळेत काढला, म्हणून मला या गोष्टीत गोडी.

आधी फ्लू म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांना वाटते, फ्लू म्हणजे पडसेच, चार शिंका आल्या की झाले. तसे नाही. पडसे हळूहळू येते. फ्लू एकदम झडप घालतो. सकाळी माणूस धडधाकट, संध्याकाळी अंथरुणात, असे होते. ताप १०२, १०३ पर्यंत चढतो. हा रोग विषाणूने होतो. विषाणू डोळ्यांनी दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. रोगी खोकला, शिंकला, की बारीक थेंब उडतात आणि ते जवळच्याच्या नाकातोंडात जातात. थेंब लागलेला हात नाकाला लावला तरी रोग होतो. शरीरात विषाणू शिरल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो. आणि खरी गोम इथेच आहे. ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणजे वर्गात हसतखेळत बसलेला पोरगाही शेजाऱ्याला रोग देत असेल, आणि हे त्याला ठाऊक नाही, मास्तरांनाही नाही.

शाळा म्हणजे या रोगाचे माहेरघर. चाळीस मुले एका खोलीत, एका बाकाला दुसरा बाक लागलेला. पेन्सिल एकाची, तोंडात दुसऱ्याच्या. मी पाहिलेले आहे सगळे.

म्हणून जपानात एक जुनी रीत आहे. तिला ‘गाक्क्यू हेइसा’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, वर्ग बंद. प्रत्येक शाळेत औषधपाण्याची एक वेगळी खोली असते आणि ती सांभाळायला खास शिकलेल्या बाई असतात. रोज सकाळी कोणत्या वर्गात किती मुले गैरहजर, किती तापाने, याचा हिशेब त्या बाई करतात. एका वर्गात फ्लूची मुले फार वाढली, की मुख्याध्यापक तेवढा वर्ग काही दिवस बंद करतात. इयत्तेचे सगळे वर्ग लागले, तर इयत्ता बंद. त्याहून पसरले, तर अख्खी शाळा बंद. सारा गाव हादरवून टाकायचा नाही. जिथे पेटले तिथेच पाणी टाकायचे. हे मला फार आवडले. आमच्या शाळेत औषधाची पेटी होती, तिच्यात टिंक्चर आयोडीनची एक बाटली आणि कापूस, आणि किल्ली माझ्या खिशात. असो.

आजारी मुलाने केव्हा परत यायचे, याचाही तिथे कायदा आहे. ताप आल्यापासून पाच दिवस गेले पाहिजेत, आणि ताप उतरल्यावर दोन दिवस. दोन्ही गोष्टी पुऱ्या व्हायला हव्यात. २०१२ सालापासून हा नियम असा आहे. ही रजा गैरहजेरीत धरत नाहीत. त्यामुळे हजेरी बुडेल या भीतीने कोणी तापलेले पोर शाळेत रेटत नाही.

आता आपल्या परदेशी मास्तरांकडे वळू. वर्ग बंद झाला की मुले घरी जातात, पण शिक्षकांना सुटी नसते. त्यांनी शाळेत यायचेच. परदेशी मास्तर शिक्षकांच्या खोलीत आपल्या मेजाशी बसतो, चित्रांची पत्ते-पाने कापतो, पुढचे धडे तयार करतो. नवखा असेल तर त्याला वाटते, वर्ग बंद आणि मी इथे कशापायी बसलो आहे? हळूहळू त्याला कळते की इथली रीत अशीच आहे.

तो स्वतः आजारी पडला तर गोष्ट अवघड होते. फोन करून सांगायला हवे. ‘नेत्सु गा आरिमासु’, म्हणजे ‘मला ताप आहे’. ‘अतामा गा इताइ’, म्हणजे ‘डोके दुखते’. फ्लूला तिथे लाडाने ‘इन्फुरु’ म्हणतात. शहाणा मास्तर ही चार वाक्ये बरा असतानाच पाठ करतो. मग ताप मोजण्याचा घोळ. अमेरिकेत, आपल्यासारखेच, ताप फॅरनहाइटने मोजतात. जपानात सेल्सियसने. डॉक्टर म्हणतो, ‘अडतीस’. अमेरिकेच्या माणसाला अडतीस ऐकून काहीच बोध होत नाही. अडतीस म्हणजे आपले शंभर पूर्णांक चार दशांश. एकोणचाळीस म्हणजे एकशे दोनच्या वर. शिवाय तिथे थर्मामीटर काखेत लावतात, आणि याला सवय जिभेखाली धरण्याची. दवाखान्यात नाकात लांब काडी घालून नमुना काढतात आणि दहा-पंधरा मिनिटांत फ्लू आहे की नाही ते सांगतात. डोळ्यांत पाणी येते, पण निकाल तिथल्या तिथे. फ्लू ठरला की विषाणूवरचे औषध देतात. ते पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत घेतले तरच त्याचा चांगला गुण येतो. आपल्याकडे जो तो जंतुनाशक गोळ्या मागतो, त्या फ्लूच्या विषाणूवर काडीच्याही कामाच्या नाहीत.

या मास्तरांपुढे एक नाजूक पेच असतो. त्यांच्यातल्या पुष्कळांना एकच शाळा नसते. सोमवारी एका शाळेत, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. म्हणजे रोग एका गावातून दुसऱ्या गावात नेणारे वाहनच म्हणा ना. पण रजा मागायला जीव कचरतो. भोवतीचे जपानी शिक्षक पडसे-खोकला घेऊन तोंडाला पट्टी बांधून येतात, मग आपण कसे घरी बसायचे? रजा वार्षिक रजेतून कापतील की आजारपणाची धरतील? आजारपणाची धरायची तर डॉक्टरचा दाखला हवा. सारे कागद जपानी लिपीत. मी मुख्याध्यापक होतो म्हणून सांगतो, अशा वेळी वरच्या माणसाने आपण होऊन ‘घरी जा’ म्हणावे लागते. खालचा माणूस तोंड उघडत नाही.

मुखपट्टीची तर वेगळीच गंमत. जपानात आजारी माणूस पट्टी बांधतो ती दुसऱ्याला रोग होऊ नये म्हणून. तो तिथे शिष्टाचार आहे. पाश्चात्त्य तरुणाला प्रथम हे चमत्कारिक वाटायचे. त्यातून त्याचे काम उच्चार शिकवण्याचे. जीभ दातांत कशी धरायची, ओठ कसे मुडपायचे, हे मुलांना दिसले पाहिजे. पट्टीमागून काय दिसणार? मग हातवारे करायचे, फळ्यावर तोंडाचे चित्र काढायचे, नाहीतर दूर उभे राहून क्षणभर पट्टी उतरवायची. घरात शिरताना हात धुणे आणि गुळण्या करणे हेही जपानी मुलांना लहानपणापासून शिकवतात. गुळण्यांना ते ‘उगाई’ म्हणतात. भर थंडीत वर्गाच्या खिडक्या उघडून हवा खेळवतात. उबदार देशातून आलेले मास्तर कुडकुडतात, पण ते करणे बरोबर आहे.

आता २००९ सालची हकिकत. त्या वर्षी एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत नव्या जातीचा फ्लू दिसला. लोक त्याला स्वाइन फ्लू म्हणू लागले. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने ती जगभरची साथ असल्याचे जाहीर केले. जपानने विमानतळावर कडक पहारा बसवला. पांढरे झगे घातलेले अधिकारी विमानात शिरून उतारूंची तपासणी करीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कॅनडाहून परतलेल्या शाळेच्या मुलांत आणि त्यांच्या शिक्षकात हा रोग सापडला. त्या शाळेला लोकांनी फोन करून शिव्या दिल्या. पोरे आजारी, आणि वर शिव्या! १६ मे रोजी कोबे शहरात एका मुलाला हाच रोग निघाला, आणि तो तर परदेशी गेलेलाच नव्हता. म्हणजे पहारा विमानतळावर आणि चोर घरात. मग ओसाका आणि ह्योगो या दोन प्रांतांत मिळून चार हजारांवर शाळा सुमारे आठवडाभर बंद ठेवल्या. कोबेचा मोठा उत्सव त्या वर्षी ठरल्या दिवशी झाला नाही. दुकानांतल्या मुखपट्ट्या संपल्या. त्या साथीत जपानात सुमारे दोनशे माणसे दगावली. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा पुष्कळ कमी होता. शाळा वेळीच बंद केल्याचा त्यात वाटा होता असे बरेच तज्ज्ञ मानतात.

कोरियातली गोष्ट मनाला अधिक लागते. मे २००९ मध्ये बाहेरदेशाहून नुकत्याच आलेल्या इंग्रजी शिक्षकांच्या एका गटात सोल शहरी हा ताप निघाला. सारे एकाच इमारतीत उतरलेले. त्यांना वेगळे काढून बंद ठेवले. देशात पाऊल टाकून आठवडा झाला नाही, कोणाची ओळख नाही, आणि दाराबाहेर जायचे नाही! डॉक्टरांच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण त्यानंतर लोक परदेशी मास्तराकडेच संशयाने पाहू लागले. जो वर्षभर कोरियातच होता, कुठे गेला नव्हता, त्याच्यापासूनही आईबाप मुलांना दूर ठेवू लागले. रोग विमानातून येतो हे खरे. पण परतलेल्या कोरियन प्रवाशांबरोबरही तो येतच होता. विषाणू पारपत्र पाहत नाही. ऑगस्टअखेर शाळा उघडल्या तेव्हा दारातच प्रत्येक मुलाचा ताप मोजू लागले. मास्तरही त्या रांगेत. खासगी शिकवणीवर्गांत काम करणाऱ्यांचे हाल जास्त. वर्ग बंद ठेवला तर मालकाची फी बुडते, आणि नोकराला भरपगारी रजा थोडीच. म्हणून अंगात कणकण असूनही पुष्कळजण उभे राहून शिकवत. माझ्या मते त्या साथीतली सर्वांत धोक्याची जागा तीच होती.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला कोरियाची कॉलेज-प्रवेशाची मोठी परीक्षा होती. साडेसहा लाखांहून अधिक मुले बसायची. त्या परीक्षेत इंग्रजी ऐकून उत्तरे लिहायची असतात, तेवढा वेळ देशातली विमानेसुद्धा उतरवत नाहीत, एवढे तिचे महत्त्व! परीक्षा पुढे ढकलली नाही. तापाने आजारी असलेल्या मुलांना निराळ्या खोल्यांत बसवून परीक्षा घेतली. कोणाचेही वर्ष बुडू दिले नाही.

आपल्याकडेही तेच वर्ष आठवत असेल. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात शाळेत जाणारी चौदा वर्षांची एक मुलगी या रोगाने गेली. भारतातला तो पहिला बळी. पुण्यामुंबईच्या शाळा बंद झाल्या. आमच्या गावी मुले आईच्या लुगड्याचे तुकडे आणि बापाचे रुमाल तोंडाला बांधून आली होती. मी कोणाला हसू दिले नाही.

एक जुनी गोष्ट सांगायची राहिली. १९६२ पासून जपानात शाळेतल्या मुलांना फ्लूची लस टोचत असत. १९७७ साली ती सक्तीची झाली. पुढे लोक कुरकुरू लागले, की मुलांना टोचूनही साथ येतेच, मग कशाला? १९८७ पासून सक्ती सैल झाली आणि १९९४ साली शाळेतले टोचणे बंदच पडले. २००१ साली शास्त्रज्ञांनी जुन्या मृत्यूंचे आकडे काढून तपासले. मुलांना टोचत होते त्या वर्षांत हिवाळ्यातले मृत्यू कमी झालेले दिसले, विशेषतः म्हाताऱ्यांचे. टोचणे थांबले तसे ते पुन्हा वाढले. हिशेब असा निघाला की मुलांच्या लसीमुळे दर वर्षी ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते. टोचली नातवाला, आणि वाचली आजी! कारण आजीला रोग देणारा घरात नातूच असतो. फ्लूचा विषाणू अंगरखा बदलतो, म्हणून लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. बाहेर शिकवायला जाणारे शहाणे मास्तर हिवाळ्यापूर्वी ती टोचून घेतात.

परदेशी मास्तर जपानी मुलांबरोबर वर्गातच जेवतो. भात, सार, मासळी, दुधाची बाटली. मुलेच वाढतात आणि मुलेच भांडी आवरतात. साथ आली की त्याला शिक्षकांच्या खोलीत एकट्याने जेवायला बसवतात. वर्ग पुन्हा उघडला, गैरहजेरीचा आकडा खाली आला, की एके दिवशी दुपारी दोन मुले दारात येऊन उभी राहतात आणि त्याला आपल्या वर्गात जेवायला घेऊन जातात.