मांजरी माजावर येते म्हणजे काय?

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं आपण म्हणतो. तो फरक आपल्या लक्षात यायला फाल्गुन उजाडतो. मांजरीच्या शरीराला मात्र तो आधीच कळलेला असतो. मग एखाद्या रात्री घरातली सात-आठ महिन्यांची मांजरी एकाएकी घसा ताणून ओरडू लागते. जमिनीवर गडाबडा लोळते, माणसांच्या पायांना, दाराच्या चौकटीला अंग घासत राहते. पाठीवरून हात फिरवला, तर पुढचं अंग जमिनीला टेकवून मागचा भाग उचलते, शेपटी एका बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी हलवते. पोटात दुखत असेल, काही चावलं असेल, म्हणून घरचे घाबरतात. ती आजारी नसते. ती माजावर आलेली असते.

या माजाचं वेळापत्रक उजेड ठरवतो. अंधारात मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन तयार करते. हिवाळ्यातल्या लांब रात्रींत ते जास्त वेळ स्रवतं आणि बीजांडकोशांचं काम थंडावतं. दिवस मोठा होऊ लागला की हा लगाम सुटतो. म्हणून युरोपसारख्या थंड प्रदेशात माजाचा हंगाम साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून शरद ऋतूपर्यंत चालतो. आपल्याकडे ऋतूंची ही सीमारेषा पुसट आहे. मुंबईत सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा असतो, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. त्यात घरातले दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात. त्यामुळे इथली घरमांजर वर्षात कधीही माजावर येऊ शकते.

पहिला माज साधारण 4 ते 10 महिन्यांच्या वयात येतो. तो सरासरी आठवडाभर टिकतो. गर्भ राहिला नाही, तर एक ते तीन आठवड्यांची उसंत आणि पुन्हा तेच. या काळात कुत्रीसारखा रक्तस्राव मात्र होत नाही. मांजरीच्या योनीतून रक्त किंवा पू येताना दिसला, तर तो माज समजू नये. लगेच पशुवैद्यांकडे न्यावं.

माज असा वारंवार का येतो, याचं उत्तर मांजराच्या पूर्वजांत सापडतं. घरमांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली. हे रानमांजर एकटं राहतं, आपापला मुलूख राखतं. नर-मादीची गाठ क्वचितच पडणार, तर ठरलेल्या तारखेला अंडं सोडून उपयोग काय? म्हणून मांजरीचं अंडं सहसा समागम झाल्यावरच सुटतं. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. त्यांच्या घर्षणाची जाणीव मज्जातंतूंमार्फत मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचते, पीयूषिका ग्रंथी ल्युटिनायझिंग हार्मोनचा लोंढा सोडते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत अंडी बाहेर पडतात. एका समागमाने हा लोंढा पुरेसा येतोच असं नाही. त्यामुळे मांजरी अनेकदा, कधी वेगवेगळ्या बोक्यांशी जुळते. एकाच वेतातली पिल्लं दोन बापांची असू शकतात, ती यामुळेच. काही मांजरींत समागमाशिवायही अंडं सुटतं, पण तो नेहमीचा मार्ग नव्हे.

रानात ही व्यवस्था चोख होती. फ्लॅटच्या बंद दारामागे तीच मांजरीला जड जाते. बोका भेटत नाही, अंडं सुटत नाही आणि माज परत परत येत राहतो. दार उघडं राहिलं तर 63 ते 65 दिवसांत तीन ते पाच पिल्लं होतात. ती दूध सोडतात न सोडतात तोच आई पुन्हा माजावर येते. कधी अंगावर पिल्लं असतानाच येते. एका वर्षात दोन-तीन वेतं सहज होतात, आणि त्यातली कितीतरी पिल्लं जिन्याखाली किंवा गाड्यांच्या चाकांखाली संपतात.

‘एकदा तरी विऊ द्या, मग ऑपरेशन करू’ हा सल्ला घरोघरी मिळतो. त्याला शास्त्राचा आधार नाही. उलट वाट पाहण्यात धोका आहे. मांजरींच्या स्तनांतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या असतात. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी, तर वर्षाच्या आत झालेल्यांत 86 टक्क्यांनी कमी आढळला. नसबंदीत बीजांडकोश आणि गर्भाशय काढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. माज थांबवण्यासाठी मनाने हार्मोनच्या गोळ्या देणं मात्र घातक आहे. त्यांनी गर्भाशयाचे विकार, स्तनांची सूज आणि मधुमेहही उद्भवू शकतो.

तेव्हा मांजरी रात्रभर ओरडली तर तिच्यावर पाणी मारू नका, तिला घराबाहेर काढू नका. खिडक्या-दारं नीट लावा, तिला शांत कोपरा द्या. आणि घरात मांजरीचं पिल्लू आणलं असेल, तर ते पाच महिन्यांचं होण्याआधी पशुवैद्यांना भेटून नसबंदीची तारीख ठरवा. तिच्या शरीराला हे चक्र आपणहून थांबवता येत नाही, आपल्याला येतं.