जुनं आउटबोर्ड मशीन: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

आजचा भाग होडीच्या मागे लटकणाऱ्या मशीनवर, म्हणजे आउटबोर्डवर आहे. हा त्याचा लेखी मजकूर. बोलताना घाईत राहून गेलेल्या एक-दोन गोष्टीही इथे घातल्यात.

मालवण, देवबाग, दाभोळ, कुठेही बघा. फायबरची छोटी होडी आणि मागे टू-स्ट्रोक मशीन, बरेचदा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाकडे आलेलं. नवीन घ्यायचं तर लाखांची गोष्ट, म्हणून जुनंच रेटायचं. रेटायला हरकत नाही. पण हेच मशीन खाडीच्या तोंडाशी, ओहोटीचं पाणी आणि समुद्राच्या लाटा एकमेकांवर आदळत असताना बंद पडलं, तर होडी लाटेला आडवी होते. मग हिशेब पैशांचा राहत नाही.

बरं, ही जुनी मशीनं मरतात कशाने? झिजून फार कमी. बहुतेक मरतात ती मीठ, शिळं पेट्रोल आणि वेळेत न बदललेला एखादा किरकोळ भाग यांमुळे. म्हणून खिशात मोजके पैसे असतील तर ते आधी या तीन गोष्टींवर घाला. रंग आणि झाकण नंतर.

पहिलं पाणी. आउटबोर्डला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ते खालून समुद्राचंच पाणी ओढतं, इंजिनभोवती फिरवतं आणि बाहेर टाकतं. हे काम करतो इंपेलर, गिअरच्या भागावर बसवलेली रबराची छोटी फिरकी. मशीन चालू असताना मागून पाण्याची बारीक पिचकारी उडते ना, ती म्हणजे या फिरकीची खुशाली. सुरू केल्या केल्या मागे वळून ती बघायची सवय लावा. धार नसेल तर लगेच बंद करा. आधी त्या भोकात तंगूस किंवा बारीक तार घालून बघा, कारण वाळू, मीठ नाहीतर किड्याचं घर अडकलेलं असतं. तरीही धार आली नाही, तर फिरकी गेली असं समजून खालचा भाग उतरवा. थर्मोस्टॅट मिठाने जाम झाला असेल तर तोही तेव्हाच बघून घ्या.

फिरकी दर एक-दोन वर्षांनी बदलायची, चांगली दिसली तरी. आणि मशीन कोरडं कधीच सुरू करायचं नाही. ‘फक्त चालू होतंय का बघतो’ म्हणत किनाऱ्यावर दोरी ओढली, की रबर पाण्याविना घासून काही सेकंदांत खराब व्हायला लागतं. जुनं मशीन विकत घेताना कोणी असं कोरडं चालवून दाखवलं, तर तिथेच भाव पाडा!

दिवसाचं काम संपलं की गोडं पाणी. पिंप भरा, पंखा काढून ठेवा, पंख्यावरची आडवी पट्टी नीट बुडेल इतकं पाणी घ्या आणि मशीन न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं चालवा. मग उभंच ठेवा, आतलं पाणी निथळू द्या. रोज जमत नाही हे मान्य, पण आठवड्यातून एकदा तरी कराच.

पंखा काढलाच आहे तर शाफ्टवर नजर टाका. जाळ्याचा तंगूस तिथे गुंडाळला जातो आणि हळूहळू आतलं सील कापतो. सील कापलं की खारं पाणी गिअरमध्ये. ते ओळखणं सोपं आहे: खालचा स्क्रू थोडा सैल करा. तेल दुधाळ, कॉफीसारखं आलं तर पाणी शिरलंय. नवीन तेल नेहमी खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा. उलट केलंत तर आत हवा राहते. आणि हे तेल पावसाळ्याआधी बदला. होडी शाकारून ठेवल्यावर पाणी मिसळलेलं तेल दोन महिने आत बसलं, तर नारळी पौर्णिमेला बेअरिंग गंजलेले मिळतील.

आता पेट्रोल. 2025 पर्यंत आपल्या पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी बसतं, आणि तुम्ही घातलेलं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलातच राहतं. नळी तळातून ओढते. म्हणजे टू-स्ट्रोक मशीन ऑइलविना चालतं! म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करा, महिन्याभराचं जुनं वापरू नका, आणि तडकलेल्या जुन्या नळ्या बदला. ऑइल टीसी-डब्ल्यू 3 लिहिलेलंच घ्या. मोटरसायकलचं ऑइल गरम, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. इथे त्याची राख साचते. प्रमाण मशीनच्या पुस्तकातलं. 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली.

काही छोट्या मशीनच्या पंख्यात शिअर पिन असते. दगडाला लागलं तर तुटायचं, हेच तिचं काम. तिच्या जागी खिळा ठोकणारे महाभाग आहेत. खिळा तुटत नाही, मग गिअर तुटतात. दोन पिना सोबत ठेवा, विषय संपला.

खर्च थांबवायचा कुठे? कॉम्प्रेशन गेज लावा. दोन्ही सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर कार्बोरेटर, प्लग यांवर पैसे घालण्याआधी मिस्त्रीला दाखवा. आणि ज्या कंपनीचं उत्पादनच बंद आहे, उदाहरणार्थ एव्हिनरूड, जे 2020 मध्ये बंद झालं, ते मशीन स्वस्तात मिळालं तरी आधी सुटे भाग मिळतात का ते विचारा.

शेवटचं, मशीन समुद्रात पडलं तर. बाहेर काढल्यावर गंज लगेच सुरू होतो, म्हणून वेळ घालवू नका. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, प्लगची भोकं खाली करून पाणी निथळवा, आत ऑइल टाकून दोरी हळू ओढा. चालू असताना बुडालं असेल आणि दोरी अडकत असेल, तर जोर लावू नका, आतला रॉड वाकलेला असू शकतो. दोरी मोकळी फिरत असेल तर पेट्रोल बदलून त्याच दिवशी सुरू करा आणि अर्धा-पाऊण तास चालवा. मिस्त्री उद्याच येणार असेल, तर मशीन तोवर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवा.

पुढच्या भागात कार्बोरेटर उघडूया. तोवर भेटू!