पाहुणे गेल्यावर पंप कोण दुरुस्त करतो?

रोटरी क्लब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हारतुरे, फलक आणि गटाचे छायाचित्र एवढेच उभे राहते. हा समज अगदीच खोटा नाही. तरीही या संस्थेने १९६५ पासून २०१३ पर्यंत चालविलेली ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ ही योजना विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगी आहे. तीत दोन देशांतील रोटरी प्रांतांची जोडी जुळविली जाई. रोटरीचे सभासद नसलेले काही तरुण व्यावसायिक, म्हणजे शिक्षक, अभियंते, डॉक्टर वगैरे, एका रोटेरियनच्या नेतृत्वाखाली चार ते सहा आठवडे परदेशी जात, तिथल्या सभासदांच्या घरी राहत आणि शाळा, दवाखाने, पाणीयोजना पाहत. पुढे त्या देशाचा गट इकडे येई. ती योजना बंद झाली असली तरी मैत्रीभेटी व व्यवसाय-प्रशिक्षणाचे गट यांची प्रथा चालू आहे.

आफ्रिकेतील खेड्यात अशा पाहुण्यांना बहुधा जी वस्तू दाखविली जाते ती म्हणजे हातपंप. भोवती सिमेंटचा ओटा, देणगीदाराच्या नावाची पाटी, हंडे-डबे घेतलेल्या बाया आणि पोरे. बुऱ्हाणपूरहून गेलेला माणूस तो पाहून म्हणेल, “अहो, हा तर आपल्याकडचाच!” आणि त्याचे म्हणणे खरे ठरण्याचा संभव मोठा आहे.

त्याचे कारण जालना आणि सोलापूर येथे सापडते. १९६० नंतरच्या दुष्काळांत आपल्याकडे खडकात कूपनलिका खोदण्याचे काम वाढले. पण त्यांवर बसविलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबापुरते होते. सारे गाव त्यांवर पाणी भरू लागताच ते मोडू लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत चारांपैकी सुमारे तीन पंप बंद आढळले! जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी आणि मागून सोलापूरच्या कार्यशाळेने पोलादी, दणकट पंप घडविला. त्याच्याच आधारे, युनिसेफच्या साहाय्याने, त्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. तो पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत गेला. युगांडात तर त्याला ‘यू-टू’ असे घरगुती नावच मिळाले आहे.

मराठी मनाला याचा अभिमान वाटावा हे साहजिक आहे. पण पाहुण्याने तेवढ्यावर परत फिरू नये. पंप दणकट असला तरी आतील वॉशर झिजतोच, आणि मार्क टूचा वॉशर बदलायचा तर जमिनीत सोडलेले सारे लोखंडी नळ एकेक करून वर ओढावे लागतात. त्यासाठी तिकाटणे लागते, चार-सहा माणसे लागतात आणि जाणता मिस्त्रीही लागतो. शिवाय जिथे पाणी आम्लधर्मी आहे तिथे हे नळ गंजतात, पाणी तांबडे येते, आणि बाया पुन्हा जुन्या डबक्याकडे वळतात. ही अडचण ओळखून १९८० च्या दशकात मलावी आणि केनिया येथे ‘आफ्रिडेव्ह’ पंप विकसित झाला. त्याचे नळ प्लास्टिकचे असतात, आणि वॉशर बदलताना ते वर काढावे लागत नाहीत. गावकऱ्यांनाच, जवळजवळ एका पान्यावर, तो उघडता यावा ही त्यामागची कल्पना. तरीसुद्धा २००९ च्या सुमारास जमविलेल्या आकडेवारीत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांतील जवळपास एक तृतीयांश हातपंप बंद होते. पान्याने पंप उघडता येतो, पण नवा वॉशर कुठल्या दुकानात मिळणार, त्याचे पैसे कोणाच्या डब्यात साठविलेले आहेत, हे पान्याला कसे ठाऊक असणार?

म्हणून प्रकल्प पाहायला जाणाऱ्याने उद्घाटनाच्या पाटीपेक्षा पान्याची चौकशी करावी. पंप शेवटचा केव्हा बिघडला होता आणि किती दिवस बंद राहिला, हे पाणी भरणाऱ्या बाईला विचारावे. अध्यक्षमहाशय जे सांगणार नाहीत ते ती सांगेल.

उलट आफ्रिकेतून पाहुणे बुऱ्हाणपूरला आले तर त्यांना आधी कुंडी भंडारा दाखवावा. अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळी, १६१५ मध्ये, ही योजना उभी राहिली. सातपुड्यात मुरलेले पाणी तापीकडे झिरपत असता त्याला जमिनीखालील बोगद्यांत अडवायचे आणि केवळ उताराने शहरात आणायचे, असा हा इराणी पद्धतीचा प्रकार. त्यात झिजायला वॉशर नाही आणि ओढायला दांडाही नाही! वर दिसणाऱ्या शंभरावर कुंड्या म्हणजे बोगद्यात उतरण्याची तोंडे. हवा खेळावी, माणसाने आत जाऊन गाळ काढावा, यासाठी ती ठेवलेली. पाहुणा अल्जीरियाचा असेल तर तो ही रचना तत्काळ ओळखील, कारण त्याच्याकडील मरुस्थलात अशाच बोगद्यांना ‘फोग्गारा’ म्हणतात. तिथे खोदाईला आणि सफाईला ज्याने जेवढा हातभार लावला तेवढा त्याचा पाण्याचा वाटा, आणि तो वाटा भोके पाडलेल्या तांब्याच्या पत्र्याने मोजणारा माणूस गावानेच नेमलेला असतो. आपल्या कुंडीत उतरून भिंतींवर साचलेले चुन्याचे थर पाहिल्यावर तो पाहुणा पहिला प्रश्न बहुधा हाच करील, की इथली सफाई कोणाकडे आहे?