गाळायचं, उकळायचं की गोळी टाकायची?

डोंगरवाटांची तयारी : लेखांक ६

मागच्या आठवड्यात पाठपिशवीच्या वजनाचा हिशेब मांडला, तेव्हा सगळ्यांत जड निघालं ते पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. चढावर घाम गाळणाऱ्या माणसाला दिवसाला तीन-चार लिटर सहज लागतं, त्यामुळे दोन-तीन दिवसांचं पाणी घरून वाहून नेणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही. वाटेत मिळेल तिथे भरायचं आणि पिण्याजोगं करून घ्यायचं, हाच मार्ग उरतो. ते कसं करायचं, याचा हा लेखांक.

आष्ट्याहून डोंगराकडे निघणाऱ्यांना हा प्रश्न दर वेळी सारखा पडत नाही. सकाळी मच्छिंद्रगड चढून दुपारी जेवायला घरी यायचं असेल, तर घरच्या पाण्याच्या दोन बाटल्या पुरेत. डिसेंबरात बामणोलीहून लाँचने कोयनेचा जलाशय ओलांडून वासोटा गाठायचा असेल, तर तिथल्या टाक्यांत पावसाळ्यानंतर निवळलेलं गार पाणी मिळतं. आणि जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ही मोहीम करायची असेल, तर दोन दिवस ओढे, चिखल आणि गढूळ पाणी यांच्याशीच गाठ असते. तिन्ही वाटांना एकच साधन चालणार नाही. म्हणून कंपनी कुठली हे नंतर ठरवावं. आधी वाट कुठली, महिना कुठला आणि पाण्याच्या वरच्या अंगाला काय आहे, हे पाहावं.

पाण्याच्या वरच्या अंगाला काय?

हल्ली बरेच जण परदेशी गिर्यारोहकांच्या चित्रफिती बघून खिशात मावणारी गाळणी मागवतात. सॉयर, लाइफस्ट्रॉ ही त्यातली माहितीतली नावं. आत बारीक पोकळ तंतूंचा जुडगा असतो आणि तंतूंच्या भिंतींना ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची छिद्रं असतात. पाणी छिद्रांतून पार होतं, रोगजंतू मागे राहतात. अमेरिकेतल्या निर्मनुष्य डोंगरांत एवढं बहुतेक वेळा पुरतं, कारण तिथे मुख्य धास्ती असते ती जिआर्डियासारख्या आदिजीवांची आणि जिवाणूंची.

सह्याद्री मात्र नांदता डोंगर आहे. झऱ्याच्या वर वाडी असते, भातखाचरं असतात, गुरं चरत असतात. सुट्टीच्या दिवशी गडावर येणारी गर्दी शौचाला कुठे जाते, हे गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. माणसं आली की माणसांचे विषाणूही पाण्यात येतात.

ते काय करू शकतात, हे या भागाला नव्याने सांगायला नको. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसं दगावली. ती हेपटायटिस ई या विषाणूची होती. हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पसरतो आणि गर्भवतींना त्याचा धोका सर्वाधिक असतो. त्याचा आकार सुमारे ०.०३ मायक्रॉन. छिद्र ०.१ मायक्रॉनचं. गव्हाच्या चाळणीतून मोहरी निसटावी तसा तो गाळणीतून निसटतो. गाळणी चांगल्या कंपनीची आहे, महाग आहे, यामुळे त्यात काही फरक पडत नाही.

दुसरा दाखला ताजा आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत काही ठिकाणी कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला, तर काही ठिकाणी नोरोव्हायरस. यातला जिवाणू तंतूंच्या गाळणीत अडकतो, नोरोव्हायरस अडकत नाही.

म्हणून सह्याद्रीपुरता नियम असा : नुसत्या गाळणीवर विसंबू नये. आधी गाळावं, मग क्लोरीन द्यावं किंवा उकळावं.

प्रत्येकाची ताकद, प्रत्येकाची मर्यादा

उकळणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. जिवाणू, विषाणू, आदिजीव, कुणीही त्यातून वाचत नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की काम झालं. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळावं, असं सांगितलं जातं. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे, तेव्हा इथल्या कुठल्याही गडावर एक मिनिट पुरे. अडचण इंधनाची आणि वेळेची. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान या राखीव जंगलांत चूल पेटवण्याचा विचारही करू नये. गॅसचा छोटा स्टोव्ह नेला तरी सहा जणांचं दिवसभराचं पाणी त्यावर उकळत बसणं आणि निवण्याची वाट पाहणं जमत नाही. रात्री स्वयंपाक झाल्यावर सकाळपुरतं पाणी उकळून बाटल्यांत भरून ठेवणं मात्र सोयीचं पडतं.

क्लोरीन खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओळखीचं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी चाचणी घेतो. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, असं समजतात. साथीच्या आणि पुराच्या दिवसांत घरोघरी मेडिक्लोरच्या बाटल्या वाटल्या जातात, तेही क्लोरीनच. ट्रेकला त्याच्या गोळ्या किंवा थेंब न्यायचे. वजन नगण्य, किंमत थोडी, आणि गाळणीतून निसटलेले विषाणू हे मारतं. मात्र त्याला अर्धा तास द्यावाच लागतो, आणि पाणी थंडगार असेल तर अधिक. अर्ध्या तासाने बाटलीचं झाकण काढून वास घ्यावा. क्लोरीनचा हलका वास आला तर ठीक, अजिबात आला नाही तर सगळं क्लोरीन पाण्यातल्या घाणीनेच खाल्लं, असं समजून पुन्हा मात्रा द्यावी. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. वीस लिटरची गोळी एक लिटरच्या बाटलीत जाऊ नये म्हणून पाकीट वाचल्याशिवाय फोडू नये. लिंबू किंवा सरबताची पूड घालायची ती अर्ध्या तासानंतरच, कारण त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन निकामी करतं. क्रिप्टोस्पोरिडियम हा आदिजीव मात्र क्लोरीनला दाद देत नाही. तो चार ते सहा मायक्रॉनचा असल्याने गाळणीत अडकतो. गाळणीचं उणं क्लोरीन भरून काढतं आणि क्लोरीनचं उणं गाळणी.

अतिनील किरणांची पेनासारखी साधनंही मिळतात. दीड मिनिटात लिटरभर पाण्यातले विषाणूसुद्धा निष्प्रभ होतात. अट अशी, की पाणी नितळ हवं आणि बॅटरी जिवंत हवी. गढूळ पाण्यात मातीच्या कणांच्या सावलीला जंतू सुखरूप राहतात, त्यामुळे पावसाळी ट्रेकला हे साधन घरीच ठेवावं.

साध्या कापडाला कुणी हसू नये. एकेकाळी महाराष्ट्राच्या खेड्यांत नारूचा त्रास होता. नारूची अळी पाण्यातल्या सूक्ष्म सायक्लॉप्समधून पोटात जायची. पाणी गाळून पिण्याचा प्रचार, पायऱ्यांच्या विहिरींवर उपाय आणि हातपंप यांच्या जोरावर भारतातून नारू गेला. शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. आफ्रिकेत नारूविरुद्ध वापरलेल्या गाळणीच्या कापडातून आणि नळीतूनच पुढे २००५ साली लाइफस्ट्रॉ आला. बांगलादेशात संशोधक रीटा कोलवेल यांच्या चमूने जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला लावलं, तेव्हा पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. जुनी साडी अधिक उपयोगी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि जाळी दाट होते. कापडाने पाणी निर्जंतुक होत नाही, पण पुढच्या प्रत्येक टप्प्याचं काम हलकं होतं.

मसाई पठारावरची बादली

हे सगळं एकत्र कसं जुळतं, ते पावनखिंडीच्या वाटेवर कळतं. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज १६६० च्या जुलैत ज्या मार्गाने विशाळगडाकडे गेले, त्या मार्गाने दर वर्षी हजारो जण चालतात. सांगली-कोल्हापूर भागातली पोरं त्यात मोठ्या संख्येने असतात. पन्हाळा सोडून मसाई पठारावर आलं की पायाखाली जांभ्याचा खडक आणि तांबडी माती. पाऊस धो धो, पाणी चहूकडे, आणि बाटलीत भरलं तर चहाच्या रंगाचं.

हे पाणी थेट गाळणीत घातलं तर दोन-तीन लिटरांतच धार करंगळीएवढीवरून थेंबावर येते. जोर लावून गाळणीला जोडलेली पिशवी दाबली की शिवण उसवते. त्याऐवजी मुक्कामाला पोचताच घडीची बादली भरावी. तुरटीचा खडा हाताने पाण्यात काही फेरे फिरवावा आणि बादली अर्धा तास हलवू नये. माती एकमेकीला चिकटून तळाशी बसते. वरचं निवळ पाणी चार पदरी सुती कापडातून दुसऱ्या भांड्यात ओतावं, मग गाळणीतून बाटलीत आणि शेवटी क्लोरीनची गोळी. तंबू ठोकून, कोरडे कपडे घालून होईपर्यंत पाणी तयार. गाळणीसोबत मिळणारी सिरिंज न विसरता न्यावी. तिने स्वच्छ पाणी उलट्या दिशेने जोरात मारलं की अडकलेला गाळ बाहेर येतो आणि धार पुन्हा मोकळी होते.

एक चूक या सगळ्यावर पाणी फिरवते. ज्या बाटलीने ओढ्यातलं पाणी भरलं, तिच्याच आट्यांना ओठ लावून प्यायलं जातं. कच्च्या पाण्याची बाटली वेगळी ठेवावी आणि अंधारातही ओळखू यावी म्हणून तिला जाड चिकटपट्टी गुंडाळावी. हिमालयात जाणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पाणी मुरलेली गाळणी गोठली तर आतले तंतू तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. केदारकंठासारख्या हिवाळी ट्रेकला ती रात्री झोपेच्या पिशवीत अंगाशी घेऊन झोपावं.

जे कशानेच निघत नाही

वारणा चांदोलीकडच्या डोंगरातून निघते आणि उसाच्या पट्ट्यातून, गावांजवळून वाहत सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. वरच्या अंगाचं पाणी आणि खालच्या अंगाचं पाणी यांत शेतांतून झिरपलेली खतं, कीटकनाशकं आणि सांडपाणी यांचा फरक असतो. कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या या भागाने वाचल्या आहेत. विरघळलेली रसायनं तंतूंची गाळणी अडवत नाही, क्लोरीन घालवत नाही आणि उकळल्याने ती उलट दाट होतात. म्हणून शेतं आणि कारखाने यांच्या खालच्या अंगाचं पाणी ट्रेकला भरूच नये. गावातला नळ किंवा ग्रामपंचायतीने क्लोरीन दिलेली विहीर शोधावी. आरोग्य विभाग पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. वाटेतल्या गावाला कोणतं मिळालं आहे, हे तिथे विचारायला संकोच वाटू नये.

गडावर टाकं निवडायचं तर सावलीतलं खांबटाकं बरं. ऊन कमी पोचत असल्याने त्यात शेवाळ कमी धरतं. त्यात पाय धुऊ नयेत, भांडी विसळू नयेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यासाठी आधी पाणी पाहावं, एका झऱ्यावर न विसंबता टाकी-तळी करावीत आणि गडाचं पाणी जपावं, असं बजावलेलं आहे. तीनशे वर्षांनंतरही त्याच टाक्यांचं पाणी पिणाऱ्यांनी ते मागून येणाऱ्यासाठी स्वच्छ ठेवायला हवं.

सहा जणांच्या गटाला एवढं सामान पुरतं : एक गाळणी आणि तिची सिरिंज, प्रत्येकाच्या खिशात क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी, घडीची बादली, तुरटीचा खडा आणि जुन्या साडीचा हातभर तुकडा. गोळ्या प्रत्येकाकडे असाव्यात, कारण गाळणी ज्याच्या पाठीवर असते तो वाट चुकून मागे राहिला तर बाकीच्यांची तहान थांबत नाही.

*पुढच्या आठवड्यात : ओले बूट, मोजे आणि जळवा.*