अतिदीप्त नवताऱ्यांचे अवशेष व विश्वकिरण

अतिदीप्त नवताऱ्याच्या स्फोटात बाहेर फेकले गेलेले द्रव्य आणि त्याने पुढे रेटलेला आंतरतारकीय वायू यांच्या प्रसरण पावणाऱ्या कवचास त्या ताऱ्याचा अवशेष म्हणतात. आकाशगंगेतील बहुतेक विश्वकिरणांना त्यांची उच्च ऊर्जा अशा कवचांच्या सीमेवर मिळत असावी, असे मानले जाते.

व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून सु. ५,३०० मी. उंची गाठून विश्वकिरणांचा शोध लावला. त्यांचा उगम अतिदीप्त नवताऱ्यांत असावा, असे व्हाल्टर बाडे व फ्रिट्झ त्स्विकी यांनी १९३४ मध्ये सुचविले. या कल्पनेचा मुख्य आधार ऊर्जेच्या हिशेबाचा आहे. विश्वकिरण आकाशगंगेतून सतत निसटत असतात; शतकात होणाऱ्या दोन-तीन स्फोटांच्या गतिज ऊर्जेपैकी सु. १० टक्के ऊर्जा त्यांच्याकडे वळली, तरी ही तूट भरून निघते. हिशेब जुळणे हा अर्थात पुरावा नव्हे. विश्वकिरण विद्युत् भारित असल्याने चुंबकीय क्षेत्रांत वळत राहतात व त्यांच्या येण्याच्या दिशेवरून उगमस्थान कळत नाही. गॅमा किरण मात्र सरळ रेषेत येतात, म्हणून त्यांचे महत्त्व विशेष आहे.

फिरत्या चुंबकीय मेघांवर आपटून कणांची ऊर्जा वाढते, असे एन्रीको फेर्मी यांनी १९४९ मध्ये दाखविले. पण ही वाढ फार मंद असते. १९७७-७८ मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे आघात तरंगाची यंत्रणा मांडली. कवचाच्या पुढे सेकंदाला हजारो किमी. वेगाने आघात तरंग जात असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या क्षुब्ध चुंबकीय क्षेत्रांमुळे कण मागे वळतो व तरंग पुनःपुन्हा ओलांडतो. प्रत्येक फेरीत त्याची ऊर्जा थोडी वाढते. १००६ सालच्या अतिदीप्त नवताऱ्याच्या कडांतून येणारे क्ष-किरण सिंक्रोट्रॉन प्रारणाचे आहेत, असे आस्का या जपानी उपग्रहाच्या साहाय्याने १९९५ मध्ये आढळले. यावरून तेथे सु. १०० टेरा (१ टेरा = एक लक्ष कोटी) इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन असल्याचे सिद्ध झाले. परंतु विश्वकिरणांत मोठा वाटा प्रोटॉनांचा असतो आणि खरी अडचण तेथेच होती. इलेक्ट्रॉन मंद प्रकाशकणांवर आदळले, तरी गॅमा किरण निर्माण होतात. त्यामुळे नुसते गॅमा किरण दिसणे पुरेसे नव्हते.

प्रोटॉन वायूच्या अणुकेंद्रावर आदळल्यास उदासीन पायॉन निर्माण होतो व तत्काळ त्याचे दोन गॅमा किरणांत रूपांतर होते. स्थिर पायॉनापासून मिळणाऱ्या प्रत्येक किरणाची ऊर्जा ६७·५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. यामुळे सु. २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली वर्णपट एकाएकी घसरतो. अशी घसरण मिथुन राशीतील आयसी ४४३ व गरुड तारकासमूहातील डब्ल्यू ४४ या अवशेषांत फेर्मी उपग्रहाने टिपल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. हे दोन्ही अवशेष दाट मेघांवर आदळत आहेत. प्रोटॉनांना तेथे प्रवेग मिळतो, हे त्यामुळे बरेचसे निश्चित झाले.

विश्वकिरणांचा वर्णपट सु. ३,००० टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी वाकतो. आकाशगंगेतील उगमांनी निदान तेथवर ऊर्जा पुरविली पाहिजे. कॅसिओपिया ए हा अवघ्या सु. साडेतीनशे वर्षांचा अवशेष. त्यातील गॅमा किरण सु. ३·५ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे झपाट्याने कमी होतात, असे २०१७ मध्ये दिसून आले, म्हणजे तेथील प्रोटॉन अपेक्षेच्या पुष्कळच मागे पडतात. चीनमधील एका वेधशाळेने २०२१ मध्ये त्याहून कितीतरी अधिक ऊर्जेच्या गॅमा किरणांचे १२ उगम नोंदविले. त्यांत ओळख पक्की असलेली खेकडा अभ्रिका ही स्पंदकापासून ऊर्जा मिळविते, कवचापासून नव्हे. स्फोटानंतरची पहिली काही वर्षेच निर्णायक असावीत, असे काहींचे मत आहे.